तिसरी मूठ

मी खोल्या बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, माणसं किती राहणार तेही विचारलं नाही. एका स्टीलच्या डब्याचं झाकण काढून तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "एक मूठ काढा."

डब्यात चवळी होती. वर्ध्याकडे तिला बरबटी म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, नव्या भाडेकरूनं धान्याला हात लावायचा असा इकडचा काही शकुन असेल. मी मूठ भरून काढली. त्यांनी ती एका चपट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी करायला लावली, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला आणि तोंड पाडलं.

"जास्त झाली."

"परत काढू का?"

"नाई, राहू द्या. हातच मोठा हाये तुमचा. त्याले तुमी काय करान?"

एवढ्यावर मुलाखत संपली. वरच्या मजल्याची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि ते डबा घेऊन आत गेले. मी तशी तापट बाई. साताऱ्याहून बँकेनं उचलून इतक्या लांब आणून टाकलं म्हणून आधीच धुमसत होते, त्यात हा माणूस माझ्या हाताला नावं ठेवतो! पण बोरगाव मेघेत बँकेला सोयीच्या, हवेशीर आणि दारात कडुलिंब असलेल्या दोन खोल्या दुसरीकडे मिळत नव्हत्या. अडला हरी म्हणून राहिले.

त्यांना नावानं हाक मारणारं कुणी मला भेटलं नाही. मी काका म्हणायची. गल्लीत आणि बाजारात ते 'मापसाहेब' होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी वजन-मापांचे निरीक्षक म्हणून काढली. जिल्ह्यातला एकही आठवडी बाजार असा नसेल जिथे त्यांनी कुणाचा तरी काटा, दगड नाहीतर डबा जप्त केला नसेल. सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते भाजी घ्यायला निघाले की ओट्यावरच्या बायका उगीचच तराजूचं पारडं पुसायला लागत.

घरात त्यांचे दोन काटे होते. एक तो चपटा, बॅटरीवरचा. दुसरा जुना पितळी तराजू, शिक्का मारलेल्या वजनांसकट. बॅटरीच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून आठवड्यातून एकदा पितळी वजनं त्यावर ठेवून त्याची झडती घेत. गॅसचं सिलेंडर आलं की कडुलिंबाच्या फांदीला लोंबता काटा अडकवून ते तोलल्याशिवाय आत जात नसे. मी एकदा साताऱ्याचे कंदी पेढे आणून दिले, तर त्यांनी आधी पेढे तोलले, मग नुसता खोका तोलला आणि मला म्हणाले, "खोका बी पेढ्याच्या भावानं देल्ला तुमाले." मग एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "पन पेढा चांगला हाये." ही त्यांची माणुसकीची परमावधी. "काट्याले सोयरा नसते" आणि "अंदाज म्हनजे आळस" ही दोन वाक्यं दिवसातून एकदा तरी कानावर पडत.

वाटी हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा मी बोलून गेले की दोन माणसांना वाटीभर चवळी पुरते.

"कोनती वाटी?"

"अहो, वाटी. आपली नेहमीची."

ते उठले आणि मांडणीवरून सहा वाट्या घेऊन आले. सहाही वेगळ्या. प्रत्येकीत बरबटी भरून, कडेवरून बोट फिरवून सपाट करून, त्यांनी सहा वजनं मला दाखवली. मग त्यातलीच एक वाटी शीग लावून भरली, म्हणजे वर टोपी येईपर्यंत, आणि सातवं वजन दाखवलं. मग ती ओट्यावर आपटून दाणे बसवले, वर आणखी भरले आणि आठवं. मग बरबटी काढून त्याच वाटीत मोट भरली, म्हणजे आपली मटकी. ती बरबटीपेक्षा जड भरली.

"काऊन?" मला त्यांनी शाळेतल्या पोरीसारखं विचारलं.

"मला काय माहीत?"

"मोट बारीक. दान्याले दाना चिकटून बसते. बरबटी मोठी, तिच्या दान्यादान्यात हवा राह्यते. तुमी वाटीभर बरबटी मनता, त्यातली किती तं हवाच हाये. हवा शिजवून खाता का?"

प्रत्येक डब्यावर त्यांनी काळ्या शाईनं लिहून ठेवलं होतं: तूर डाळ, एक वाटी, इतके ग्रॅम. मूग, एक वाटी, इतके ग्रॅम. कुठल्या वाटीनं, तेही. मोबाईलवर स्वयंपाक शिकवणाऱ्या बायकांवर त्यांचा विशेष राग होता. एक बाई 'एक कप चवळी घ्या' म्हणाली, तर हे त्या मोबाईललाच विचारत होते, "च्याचा कप का कशाचा व बाई?"

फक्त बरबटीच्या डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तिथली जागा पुसून पुसून पांढरी पडली होती.

त्याचं कारण मला पावसाळा संपता संपता कळलं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक खिळा होता आणि त्या खिळ्याला एकच बांगडी अडकवलेली होती. मुलाम्याची, जुनी, आतून काळवंडलेली. काकूंची. कणीक मळायला बसल्या की त्या हातातून काढून तिथे अडकवत. शेवटच्या दिवशीही अडकवली, ती तशीच राहिली. मी यायच्या आधीच्या वर्षीची गोष्ट.

नवरा वजन-मापांचा निरीक्षक आणि बायको आयुष्यभर सगळं मुठीनं मोजायची. माणशी एक मूठ डाळ, एक मूठ तांदूळ. काका म्हणत, मूठ हे काही माप नव्हे. काकू म्हणत, तुमचा कायदा उंबऱ्याच्या बाहेर. हे भांडण लग्न झाल्यापासून चालू होतं आणि काकूंनी ते जिंकून ठेवलं होतं, कारण स्वयंपाक त्यांच्या हातात होता.

आता काकू नव्हत्या आणि काकांना बरबटी हवी होती. तीच, तशीच.

"माही सकाळची गाडी राहे," ते सांगत. "कधी कारंजाले जा, कधी हिंगनघाटले. मी आंघोळ, पूजा करून येवो, तं ताट तयार. भाकर आन बरबटी. काळी, दाट, लोखंडी कढईचा वास. दिवसभर मंग बजारात उन्हात फिरलो तरी भूक लागे नाई. माह्यासाठी पहाटे उठून शिजवे ते."

"आणि रात्रीचं?"

"रातचं मले आठवतच नाई. थकून येवो, पुढ्यात येईन ते गिळो आन झोपो. सकाळचं आठवते."

त्यांची बरबटी मी खाल्ली होती. वाईट नव्हती. पातळ, फिक्कट, शहाण्या मुलासारखी. पण ती 'ती' नव्हती हे त्यांना पहिल्याच घासाला कळे आणि पुढचे घास ते औषधासारखे संपवत. हिशोब अगदी एकाचा. पातेल्यात दाणा उरत नसे, रश्श्याचा थेंब उरत नसे.

मुठीमागं किती पाणी, मुठीमागं किती तिखट, किती मीठ, हे सगळं त्यांना काकूंच्या तोंडून ऐकून पाठ होतं. अडलं होतं ते एकाच जागी: काकूंची मूठ म्हणजे किती ग्रॅम? "मूठ सापडली का पानी सापडते, पानी सापडलं का मीठ सापडते," ते म्हणत. स्वतःच्या मुठीचा उपयोग नव्हता, ती पुरुषाची. मग त्यांनी बायकांच्या मुठी तोलायला सुरुवात केली. गल्लीतल्या, मंदिरातल्या, रेशनच्या रांगेतल्या. पिशवीत बरबटीचा डबा आणि काटा घेऊन ते हिंडत, आणि 'बाई, एक मूठ काढा' म्हणत. समोरच्या घरातल्या बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "बुढा पागल झाला जी. बायाईचे हात मोजून राह्यला." मला हसू आलं आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

बांगडी घेऊन ते बांगड्यांच्या दुकानातही गेले. या मापाचा हात कुणाचा, असं त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, हे अडीचचं माप आहे साहेब, अर्ध्या वर्ध्याच्या बायांचा हात हाच. काका निराश होऊन आले. मला बांगडी घालून बघायला सांगितली. माझ्या बोटांच्या सांध्यांपाशीच ती अडकली. त्यांनी ती सावकाश काढून घेतली, धोतराच्या टोकानं पुसली आणि परत खिळ्याला लावली.

बोलता बोलता एकदा त्यांनी तो सगळा हिशोब मला समजावून सांगितला होता. "मानशी एक मूठ, असा तिचा नियम. पोरगी लग्न होऊन गेल्यावर आमी दोघंच. म्हनजे दोन मुठी. तं हे टाके तीन! मी म्हनो, तिसरी काऊन? तं हासे. शेवटपर्यंत तीनच टाकल्या तिनं. मी मंग ते चूक काढून टाकली. हिशोबात मानशी एकच धरली." दुरुस्त केलेल्या तराजूकडे बघावं तसं त्यांनी समाधानानं माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली. मला तरी त्यात काय वेगळं दिसणार होतं?

दिवाळीच्या थोडं आधी ते बाजारात चक्कर येऊन पडले. तिथल्या एका भाजीवाल्या बाईंनी त्यांना ऑटोत घालून घरी आणलं. गावाबाहेर या बाईंचा मळा; वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून त्या स्वतः विकायला बसत. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, रोग काही नाही, माणूस पोटभर जेवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी हैदराबादहून आली. बापासारखीच सरळ रेषेत बोलणारी. मी त्यांच्यासाठी डाळ-भात घेऊन खाली गेले होते, तर दोघांचं जुंपलेलं.

"बाबा, तुमी आता हैदराबादले चला. बस झालं."

"तिथी काय करू मी?"

"इथी काय करून राह्यले? बरबटी मोजून राह्यले! तुमाले सैपाक येत नाई, बाबा."

"येते."

"येते तं बजारात पडले काऊन?"

ते खिळ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "दिवाळी झाल्यावर येजो. तुले तुह्या आईसारखी बरबटी खाऊ घालतो. जमली तं मी इथीच राह्यतो, तू पुन्हा इषय काढायचा नाई. नाई जमली तं तुह्यासंग येतो. घर देऊन टाकू भाड्यानं."

"पक्कं?"

"मी कधी कोनाले माप कमी देल्लं का?"

मुलगी गेल्यावर ते जिन्याशी आले आणि एकदम हळू आवाजात मला म्हणाले, "तिचं घर चांगलं हाये, मॅडम. जावई चांगला हाये. पन इथून गेलो तं मले ते सकाळ पुन्हा नाई भेटनार. इथीच कुठी तरी हाये ते. एखाद्या मुठीचा फरक हाये." मी म्हणाले, सापडेल काका. म्हणायचं म्हणून म्हणाले, पण मनापासून सापडावी असं वाटत होतं.

दिवाळी उलटली आणि सापडल्यासारखं झालंही. त्यांची चौकशी करायला त्या भाजीवाल्या बाई दारात आल्या. टोपली उतरवून ओसरीवर टेकल्या, आणि काकांचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. आत जाऊन बांगडी आणली. ती त्यांच्या हातात थोडी अडून, मग अलगद गेली. काकूंच्या हातातही तशीच जाई, काका म्हणाले. त्यांनी डबा पुढे धरला.

बाईंनी बांगडी काढून परत दिली, डब्यात हात घातला आणि थांबल्या.

"साहेब, इकाची मूठ काढू का घरची? इकाची म्हनजे गिऱ्हाइकाले द्याची."

"मूठ ते मूठ. त्यात इकाची आन घरची काय?"

"असं कसं? इकाची मूठ आवळून काढा लागते, नाई तं पोट कसं भरन? घरची सैल सोडा लागते, नाई तं घरच्याईचं पोट कसं भरन?"

त्यांनी दोन्ही काढून दाखवल्या. एकच हात, एकच डबा, आणि काट्यावर दोन वेगळे आकडे. चांगला दहा-पंधरा ग्रॅमचा फरक. काका काट्याकडे बघत राहिले. बाई पदरानं तोंड पुसत मला म्हणाल्या, "माह्या डब्ब्याचं बूड आत दबलं होतं, तं साहेबानं डब्बा जप्त केलता. आता मूठ बी जप्त करतेत वाट्टे." आणि हसत टोपली उचलून गेल्या. जाताना पालकाची एक जुडी ओसरीवर ठेवली. काकांनी ती तोलली नाही, एवढं मी पाहिलं.

त्यानंतर दोन दिवस ते डबा पुढ्यात घेऊन ओसरीवरच बसले. तिसऱ्या दिवशी वर आले आणि जाहीर केलं, घरचीच मूठ धरायची. शनिवारी पोरगी येते. तुम्हीही जेवायला खालीच या, मॅडम. म्हणजे तीन माणसं, तीन मुठी.

शनिवारी बँकेनं मला कारंजा घाडगेच्या शाखेत पाठवलं होतं. परत निघाले तर हायवेवर एक ट्रक आडवा झालेला आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग. एसटीत बसून बसून कंटाळले, आणि शेवटी उतरून कारंजालाच परतले, तिथल्या एका सहकारी बाईंकडे मुक्काम केला. काकांना फोन करून सांगितलं, माझी वाट बघू नका, जेवून घ्या. ते म्हणाले, "बरबटी तं चढली." आवाजात रागच जास्त होता. तीन माणसांचं शिजवून दोघांनी खायचं, म्हणजे त्यांच्या लेखी हिशोब बिघडला.

सकाळी पहिल्या गाडीनं मी बोरगावला पोचले. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत मोठी बॅग उघडी पडलेली, आत कपडे भरलेले. पितळी तराजू जुन्या धोतरात गुंडाळून वर ठेवला होता. मी काय समजायचं ते समजले.

मुलगी स्वयंपाकघरात होती. रडून डोळे सुजलेले. दबक्या आवाजात तिनं मला रात्रीचं सांगितलं. बरबटी चांगली झाली होती. बापानं विचारलं, आईसारखी? "मले खोटं बोलायचं होतं, मॅडम. खरंच होतं. आई गेल्यापासून मीच त्याईले तिकडे बोलवून राह्यली, अन आता सामान बांधायची येळ आली तं मलेच सहन होत नाई. पन बाबांच्या पुढ्यात कमी माप देता येत नाई. मी म्हटलं, नाई." बाप उठला. हात धुतले आणि माळ्यावरून बॅग काढली.

बोलता बोलता ती लोखंडी कढईत काहीतरी हलवत होती. रात्री माझ्या वाटची बरबटी राहिली होती. टाकून कशी द्यायची, म्हणून तिनं ती तापत ठेवली होती. रस्सा आटून कडेला धरला होता, रंग काळपट झाला होता. रात्रीचीच भाकर तिनं तव्यावर शेकली, ताट वाढलं आणि बाहेर खाटेवर बसलेल्या बापापुढे नेऊन ठेवलं. मी दारातच उभी होते.

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, बरबटीत बुडवला, तोंडात घातला. आणि थांबले. दुसरा घास घेतला तो अगदी छोटा, सराफानं कसोटीवर घासावा तसा.

"हे कवा शिजवली?"

"रातचीच हाये, बाबा. आटवली फक्त."

"रातची? तुही आई तं पहाटे उठून शिजवे."

"आईनं सकाळी बरबटी कधीच नाई शिजवली. रातची उरे, ते आटवून देये तुमाले."

"उरे कशी?" ते जवळजवळ ओरडले. "दोघंच तं होतो आमी! दोघाईले किती लागते मले मालूम नाई का?"

मुलगी त्यांच्यासमोर खाली बसली. "बाबा, आई तीन मुठी टाके ना?"

"हो. चुकून."

"चुकून नाई, बाबा. तिसरी माही होती." मग म्हणाली, "रोज सांजेले फोनवर सांगे मले. आज तुह्या वाटचीबी टाकली व. मी हासो. म्हनो, मी काय हैदराबादहून जेवायले येतो का आई? तं म्हने, येशीन तं असावी ना."

मला तिथे उभं राहणं कठीण झालं. मी परकी बाई, आणि माझ्या न येण्यानं हे सगळं घडलं होतं. डोळे भरून आले तसे मी पुसलेही नाहीत, कारण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. काका ताटाकडे बघत होते. एवढी वर्षं त्यांनी जिला चूक म्हणून हिशोबातून काढलं होतं, तीच सकाळी त्यांच्या ताटात येत होती. त्यांनी ताट स्वच्छ पुसून खाल्लं आणि विचारलं, "अजून हाये का?"

"नाई, बाबा. एकाचीच उरली होती."

त्यांनी मान हलवली. मुलगी म्हणाली, "जमली बाबा. तुमी जिंकले. राहा इथीच."

"मी कुठी शिजवली. मॅडम आल्या नाई म्हनून झाली," ते म्हणाले. पण बॅगेतले कपडे त्यांनी त्याच दुपारी स्वतःच्या हातानं कपाटात लावले. मुलगी एकटीच हैदराबादच्या गाडीत बसली. शब्दाला दोघंही पक्के.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी दोन मुठी टाकू लागले. बाकीच्या डाळी पूर्वीसारख्याच काट्यावर. बरबटी मात्र हातानं, न तोलता, सैल. एक मूठ स्वतःची आणि दुसरी कुणाची ते सांगत नसत. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाजारात पुन्हा काटे तपासायला लागले आणि भाजीवाल्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, की साहेब बरे झाले म्हणायचे.

मी कधीकधी संध्याकाळी खाली जेवायला जाई. ते खूश होत. जप्त केलेल्या दगडांच्या, बुडाला मेण लावलेल्या पारड्यांच्या गोष्टी सांगत. पण मी जेवले की सकाळी कढईत काही नसे, आणि ते कोरी भाकर चहात बुडवून खात. एकदा मी म्हणाले, काका, मी आले की तुमची सकाळ जाते. त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "तुमी आल्या का सांज बरी जाते. नाई आल्या का सकाळ बरी जाते. दोन्ही कुठून आनू?" तिसरी मूठ टाका की, असं मी म्हणणार होते. पण कुणाच्या नावाची, हा प्रश्न त्यांनी विचारला असता.

म्हणून मी जाणं कमी केलं. सकाळी जिन्यावरून उतरताना ते दिसत. खाटेवर एकटे, मांडीवर ताट, सावकाश एकेक घास. न आलेल्या माणसाच्या वाटचं जेवत असलेले. हवं ते त्यांना मिळालं होतं, तरी मला ते बघवत नसे. बँकेत पोचायच्या आधी मी रस्त्यातच साताऱ्याला फोन लावायची आणि घरच्यांना काहीतरी क्षुल्लक विचारायची. काल रात्री भाजी काय होती, उरली का.

पुढे माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढलं. मी किल्ली द्यायला खाली गेले तर काका स्वयंपाकघरात होते. ओट्यावर पातेल्यात पाणी काढलेलं. त्यांनी बरबटीचा डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला.

"एक मूठ काढा."

मी सवयीनं काटा शोधला. काटा कुठे नव्हता. मी मूठ काढली, माझी तीच मोठी मूठ, आणि त्यांच्या खुणेप्रमाणे पातेल्यातल्या पाण्यात सोडली. त्यांनी तिच्यावर आपली एक टाकली.

"काका, हे संध्याकाळचं भिजवताय ना? मी संध्याकाळी नसेन. दुपारची गाडी आहे माझी."

"म्हनूनच तं," ते म्हणाले, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.